धातू-ऑक्साइडाचे नॅनोकण भट्टीत वाढू नयेत म्हणून काय करावे?

प्रश्न : कणवेध

नमस्कार. उत्प्रेरकाचा आधार म्हणून वापरता येतील असे टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मी तयार करते आहे. हा उत्प्रेरक वापरात असताना ७०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास राहणार आहे. त्यामुळे त्या तापमानाला भुकटीचे पृष्ठफळ किमान ८० चौरस मीटर प्रति ग्रॅम टिकावे आणि कण शक्यतो अनाटेज या स्फटिकरूपातच राहावेत, एवढी माझी अपेक्षा आहे.

सध्याची कृती अशी आहे. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड आयसोप्रोपेनॉलमध्ये मिसळून ते थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडते आणि सतत ढवळत राहते. नंतर अमोनिया घालून पीएच ८ च्या आसपास आणते, अवक्षेप गाळून दोन वेळा पाण्याने धुते आणि ओव्हनमध्ये ११० अंशांना रात्रभर वाळवते. वाळलेले खडे खलात कुटून झाकणाच्या मुशीत भरते, मिनिटाला १० अंश या गतीने तापवते आणि ठरलेल्या तापमानाला दोन तास ठेवते.

वाळलेल्या भुकटीच्या एक्सआरडीतील (क्ष-किरण विवर्तनातील) रुंद शिखरांवरून शेररच्या सूत्राने स्फटिकांचा आकार ६ नॅनोमीटर येतो आणि बीईटी (वायू शोषणावरून मोजलेले) पृष्ठफळ २१० येते. ५०० अंशांनंतर आकार १८ नॅनोमीटर होतो आणि पृष्ठफळ ४८ वर उतरते. ७०० अंशांनंतर बहुतेक सगळ्याचे रुटाइल हे दुसरे स्फटिकरूप होते, आकार ५५ नॅनोमीटरवर जातो आणि पृष्ठफळ जेमतेम ९ उरते. म्हणजे सुरुवातीचे कण हवे तसे मिळतात, पण भट्टीतून बाहेर येणारी भुकटी माझ्या उपयोगाची राहत नाही.

सिलिका, लँथॅनम किंवा झिर्कोनियम यांपैकी काही मिसळल्यास वाढ थांबते असे वाचले आहे, पण कोणते, किती आणि कोणत्या टप्प्यावर मिसळावे हे ठरवता येत नाही. ओलेइक आम्लासारखे सेंद्रिय आवरण कणांवर चढवल्यास उपयोग होईल का, आणि तापवण्याची गती कमी केल्याने काही फरक पडेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : विवर्तन

मिसळण्याचा पदार्थ निवडण्याआधी आपल्या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहावे असे मला वाटते, कारण त्यांत एकाऐवजी तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या आहेत.

कण गोल आणि सुटे आहेत असे धरले, तर ६००० या संख्येला घनता आणि पृष्ठफळ यांच्या गुणाकाराने भागले की व्यास नॅनोमीटरमध्ये मिळतो. अनाटेजची घनता ३.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरल्यास वाळलेल्या भुकटीच्या २१० चौरस मीटरवरून सुमारे ७ नॅनोमीटर व्यास निघतो आणि तो एक्सआरडीच्या ६ नॅनोमीटरशी छान जुळतो. म्हणजे त्या अवस्थेत जवळजवळ प्रत्येक स्फटिकाचे अंग उघडे आहे. ५०० अंशांनंतर मात्र हा मेळ मोडतो. १८ नॅनोमीटरचे स्फटिक सुटे राहिले असते, तर पृष्ठफळ ८५ च्या आसपास मिळायला हवे होते, पण आपल्याला ४८ मिळाले. याचा अर्थ स्फटिक नुसते वाढलेले नाहीत, तर एकमेकांना चिकटून त्यांचे जवळपास ४४ टक्के अंग झाकले गेले आहे. वाढ ही पहिली घटना आणि चिकटणे ही दुसरी. ७०० अंशांना होणारे रुटाइल ही तिसरी.

या तिन्हींचे मूळ मात्र एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे कणाकणांमधला स्पर्श. द्रावणात लहान कण विरघळतात, ते द्रव्य मोठ्या कणांवर जाऊन बसते आणि स्पर्श नसतानाही वाढ होते. हीच ओस्टवाल्डची परिपक्वता आणि तिचे गणित १९६१ मध्ये लिफ्शिट्झ, स्लियोझोव्ह आणि वाग्नर यांनी मांडले. कोरड्या हवेतल्या टायटॅनियाच्या बाबतीत हा मार्ग जवळजवळ बंद असतो, कारण ५०० किंवा ७०० अंशांना या ऑक्साइडचा बाष्पदाब नगण्य आहे. द्रव्याला एका कणातून दुसऱ्यात जायचे, तर दोघांच्या पृष्ठभागांवरून किंवा त्यांच्यामधल्या कणसीमेतूनच जावे लागते, म्हणजे दोघे आधी भिडलेले असावे लागतात. भिडल्यानंतर मध्ये मानेसारखा अरुंद जोड, म्हणजे मान, तयार होते, ती जाड होत जाते आणि अखेर सीमा सरकून लहान कण मोठ्यात मिसळून जातो.

हे इतक्या कमी तापमानाला का घडते, याचाही एक ढोबळ अंदाज करता येतो. टायटॅनिया १८४३ अंशांना, म्हणजे सुमारे २११६ केल्व्हिनला वितळते. केल्व्हिनमधील वितळबिंदूच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ७८५ अंश सेल्सिअसला, स्फटिकाच्या आतले आयन लक्षणीय हालू लागतात. याला टामान तापमान म्हणतात. पृष्ठभागावरच्या आयनांची हालचाल मात्र सुमारे तीन दशांशावर, म्हणजे ३६० अंशांच्या आसपासच सुरू होते. आपले ५०० अंश बरोबर या दोहोंच्या मध्ये येतात. तिथे पृष्ठभाग सैल झालेला असतो आणि गाभा अजून घट्ट असतो. म्हणून पृष्ठभागावर काय बसले आहे, यावर सगळे अवलंबून राहते.

रुटाइलबद्दल थोडे. मोठ्या स्फटिकात रुटाइल अधिक स्थिर असते, परंतु अनाटेजची पृष्ठऊर्जा कमी असल्यामुळे सुमारे १४ नॅनोमीटरपेक्षा लहान कणांत अनाटेजच अधिक स्थिर ठरते. शिवाय रुटाइलचे बीज बहुतेक वेळा दोन अनाटेज कण जिथे भिडतात त्या सीमेवर पडते आणि एकदा पडले की आजूबाजूचे कण ओढून घेत ते झपाट्याने वाढते. आपल्या भुकटीचा आकार १८ वरून एकदम ५५ वर गेला त्याचे कारण हेच असावे. स्पर्श कमी झाला आणि आकार १४ च्या आत राहिला, तर रुटाइलचा प्रश्न पुष्कळसा आपोआप मागे पडेल. आपल्याला हव्या असलेल्या ८० चौरस मीटरसाठी सगळे अंग उघडे असेल तर १९ नॅनोमीटर पुरतात, परंतु थोडा स्पर्श होणारच हे गृहीत धरून १२ ते १४ नॅनोमीटर हेच लक्ष्य ठेवणे शहाणपणाचे होईल.

आणखी एक खबरदारी घ्यावी. काहीही मिसळल्यानंतर एक्सआरडीची शिखरे आकार लहान झाल्याने रुंद होतात, तशी जालकात, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीत, ताण आल्यानेही होतात. दोहोंचा वाटा विल्यमसन-हॉल आलेखाने वेगळा केल्याशिवाय आणि बीईटीशी पडताळल्याशिवाय कण लहान राहिले असे म्हणू नये. अनाटेजच्या २५.३ अंशांवरच्या एकाच शिखरावर भिस्त ठेवणारे निष्कर्ष मला नेहमी अपुरे वाटतात.

उत्तर : भट्टीजवळून

वरचे विवेचन पटण्यासारखे आहे. त्याच धाग्याने पुढे जाऊन मी असे म्हणेन की, आपल्या भुकटीचे नशीब भट्टीत जाण्याआधीच, म्हणजे धुताना आणि वाळवतानाच बरेचसे ठरून जाते. काही मिसळण्याआधी ही बाजू नीट बसवावी, कारण ती कच्ची राहिली तर कोणताही डोपंट, म्हणजे थोड्या प्रमाणात मिसळलेला दुसरा पदार्थ, पूर्ण गुण दाखवणार नाही.

सर्वांत आधी क्लोराइड. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एकत्र आले की अमोनियम क्लोराइड तयार होते आणि दोन धुण्यांत ते जात नाही. भट्टीत सुमारे ३४० अंशांच्या आसपास त्याचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि झाकण असलेल्या मुशीत तो भुकटीच्या आतच कोंडून राहतो. उच्च तापमानाला हा वायू टायटॅनियाशी संयोग पावून बाष्पशील टायटॅनियम क्लोराइड बनवतो, ते दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा ऑक्साइड होते, आणि जो बाष्पमार्ग एरवी बंद असतो तो अशा रीतीने उघडला जातो. म्हणून आम्ल बदलावे. नायट्रिक आम्ल चालेल. माझी पसंती ॲसेटिक आम्लाला आहे, कारण त्याचा ॲसेटेट गट टायटॅनियमला धरून बसतो, जलापघटन मंद करतो आणि अवक्षेप एकजिनसी येतो. हायड्रोक्लोरिकच वापरायचे असेल, तर शेवटच्या धुण्याचे पाणी परीक्षानळीत घ्यावे, विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावे आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. किंचितही पांढरी झाक दिसत असेल, तोवर धुणे थांबवू नये.

दुसरी गोष्ट वाळवण्याची. ओल्या अवक्षेपातले पाणी बारीक रंध्रांतून निघून जाताना कणांना एकमेकांकडे खेचते. रंध्राची त्रिज्या ५ नॅनोमीटर असेल आणि पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर असेल, तर केशिक दाब सुमारे २९ मेगापास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ तीनशे पट. या दाबाखाली कण गच्च दाबले जातात, त्यांच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट समोरासमोर येतात, आणि पुढे तापवल्यावर त्यांच्यातून पाणी निघून धातू-ऑक्सिजन-धातू असा पक्का बंध तयार होतो. आपल्याला खलात कुटावे लागणारे ते कठीण खडे म्हणजे याच बंधांचा पुरावा आहे. कुटल्याने खडे मोडतात, पण नॅनोमीटरच्या पातळीवरचे बंध मोडत नाहीत.

यावर सोपा उपाय म्हणजे पाण्याऐवजी कमी पृष्ठताणाचा द्रव आत भरणे. एथॅनॉलने तीन-चार वेळा धुतल्यास दाब एक तृतीयांशाच्या खाली येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे ओला अवक्षेप एन-ब्युटॅनॉलमध्ये पसरवून ऊर्ध्वपातन करणे. सुमारे ९३ अंशांना पाणी आणि ब्युटॅनॉल एकत्र निघून जातात. तापमान ११७ अंशांवर, म्हणजे ब्युटॅनॉलच्या उत्कलनबिंदूवर गेले की पाणी संपले असे समजावे. या क्रियेत पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागी बरेचसे ब्युटॉक्सी गट येतात आणि त्यांच्यात एकमेकांशी बंध जोडण्याची सोय नसते. झिर्कोनियाच्या भुकट्यांसाठी ही पद्धत फार पूर्वीपासून वापरात आहे. चांगली वाळलेली भुकटी बोटांत पिठासारखी हलकी लागते आणि बाटलीत तिरकी केली की वाहते. ती खडे होऊन बसली, तर पुढे काही मिसळण्याआधी वाळवण्याकडेच परत जावे.

तिसरी गोष्ट भट्टीतल्या हवेची. पाण्याची वाफ ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या आयनांची हालचाल वाढवते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये हा परिणाम फार ठळक दिसतो, टायटॅनियात आणि झिंक ऑक्साइडमध्येही दिसतो. झाकणाच्या खोल मुशीत भुकटीतून निघालेली वाफ तिथेच घुटमळत राहते. भुकटी उथळ बोटीत दोन-तीन मिलिमीटरच्या थरात पसरावी आणि वरून कोरडी हवा वाहती ठेवावी. तापवण्याच्या गतीबद्दल आपण विचारले आहे. २०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात मिनिटाला एक-दोन अंश एवढीच गती ठेवावी, कारण इथे सेंद्रिय अवशेष जळतात आणि थराच्या आतले तापमान भट्टीच्या आकड्यापेक्षा बरेच वर जाऊ शकते. त्यानंतर मात्र संथ तापवण्यात फायदा नाही, कणांना वाढायला तेवढाच जास्त वेळ मिळतो.

उत्तर : कणसीमा

धुणे आणि वाळवणे यांबद्दल दुमत नाही. तरीही ७०० अंशांना दीर्घकाळ टिकायचे असेल, तर शुद्ध टायटॅनिया कितीही स्वच्छ असली तरी पुरी पडणार नाही, म्हणून डोपंटच्या प्रश्नाकडे वळतो.

डोपंट दोन प्रकारे काम करतो आणि या दोहोंत गल्लत होते असे अनेकदा दिसते. पहिला प्रकार गतीचा. कणसीमेवर बसलेले आयन सीमेला सरकू देत नाहीत, त्यामुळे वाढ मंद होते, पण थांबत नाही. दुसरा प्रकार ऊर्जेचा. पृष्ठभागावर आणि सीमेवर जाऊन बसलेला डोपंट तिथली ऊर्जाच कमी करतो, म्हणजे कणांना वाढून जो लाभ होणार होता तोच घटतो. दीर्घकाळ टिकण्यासाठी दुसरा प्रकार साधायला हवा, आणि त्यासाठी असा आयन निवडावा लागतो, जो जालकात मावत नाही व म्हणून पृष्ठभागावर ढकलला जातो. सहा ऑक्सिजन आयनांनी वेढलेल्या जागी टायटॅनियमची आयनिक त्रिज्या ०.०६०५ नॅनोमीटर, झिर्कोनियमची ०.०७२ आणि लँथॅनमची सुमारे ०.१०३ आहे. झिर्कोनियम काही प्रमाणात आत शिरते आणि अनाटेजचा जालक ताणते. लँथॅनमला आत जागाच नसते. म्हणून एवढ्याच कामासाठी या दोघांतून निवड करायची, तर मी लँथॅनम निवडेन.

किती घ्यावे, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजून ठरवता येते. १० नॅनोमीटरच्या अनाटेजचे पृष्ठफळ सुमारे १५४ चौरस मीटर प्रति ग्रॅम असते. पृष्ठभागाच्या दर चौरस नॅनोमीटरवर सुमारे पाच टायटॅनियम आयन धरले, तर एकूण टायटॅनियमपैकी जवळपास दहा टक्के पृष्ठभागावर असतात. म्हणजे एक मोल टक्का लँथॅनमने दहातली एक जागा व्यापली जाईल आणि पाच टक्क्यांनी निम्म्या जागा. यातली सुंदर गोष्ट अशी की कण वाढून २० नॅनोमीटरचा झाला तर पृष्ठभाग निम्मा होतो, परंतु लँथॅनम तेवढेच राहते, म्हणून दर चौरस नॅनोमीटरवरचे त्याचे प्रमाण दुप्पट होते आणि वाढ स्वतःलाच आवर घालते. त्यामुळे डोपंटचे प्रमाण आणि अंतिम आकार यांचा थेट संबंध लावता येतो. मी दोन, चार आणि सहा टक्के असे तीन नमुने करावेत असे सुचवेन. यापुढे गेल्यास स्वतंत्र लँथॅनम टायटॅनेटचे स्फटिक दिसू लागण्याचा धोका असतो आणि मग वाढीव डोपंट पृष्ठभागावर राहतच नाही.

आपल्या कृतीत लँथॅनम नायट्रेट सुरुवातीलाच पाण्यात घातले, तर ते बहुधा वाया जाईल. लँथॅनम हायड्रॉक्साइड पूर्णपणे अवक्षेपित होण्यासाठी पीएच ८ पुरेसा नाही. गाळताना त्यातला बराच भाग पाण्याबरोबर निघून जाईल आणि आपण चार टक्के घातले असे समजत राहाल. एक तर पीएच १० पर्यंत न्यावा किंवा, मला जे अधिक पसंत आहे, धुतलेल्या ओल्या अवक्षेपात मोजून लँथॅनम नायट्रेट मिसळून तास-दोन तास ढवळावे आणि न गाळता पाणी उडवावे, पण पूर्ण वाळू देऊ नये. ब्युटॅनॉलची पायरी यानंतर घ्यावी. तयार भुकटीत लँथॅनम खरोखर किती आहे याचे रासायनिक विश्लेषण एकदा तरी करून घ्यावेच.

एक इशाराही देतो. लोह, तांबे आणि मँगनीज हे आयन अनाटेजचे रुटाइल होण्यास मदत करतात. उत्प्रेरक म्हणून पुढे यांपैकी काही बसवणार असाल, तर आधाराची चाचणी नुसत्या आधारावर न करता त्या धातूसह करावी.

कणवेध

इतक्या तपशिलाने उत्तरे दिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. ४८ आणि ८५ मधील तफावत हीच खरी खूण आहे, याकडे माझे लक्ष गेले नव्हते. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी आजच केली आणि पांढरा गढूळपणा स्पष्ट दिसला, म्हणून ॲसेटिक आम्लाकडे वळते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सिलिका अधिक परिणामकारक असल्याचे अनेक ठिकाणी म्हटलेले असते, मग उत्तरांत तिचा विचार का झाला नाही? आणि सेंद्रिय आवरणाबद्दल अजून कोणी बोललेले नाही.

उत्तर : सूक्ष्मरंध्र

सेंद्रिय आवरणाचे आधी सांगतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. दोन कणांच्या मध्ये जे काही ठेवायचे ते वापराच्या तापमानाला तिथे हजर असले पाहिजे. ओलेइक आम्ल, सायट्रेट, अमाइन ही सगळी आवरणे द्रावणात कण वेगळे ठेवण्यासाठी उत्तम आहेत, परंतु हवेत ४०० अंशांच्या आसपास ती जळून जातात आणि उरलेले ३०० अंश कणांना उघड्या अंगाने काढावे लागतात. हाच मुद्दा कार्बनच्या पद्धतीलाही लागू होतो. त्या पद्धतीत सेंद्रिय पदार्थ नायट्रोजनमध्ये तापवून त्याचा कोळसा करतात, त्या कोळशाच्या जाळीत कण उच्च तापमानाला स्फटिकरूप होतात आणि शेवटी ४५० ते ५०० अंशांना हवेत कोळसा जाळून टाकतात. जिथे स्फटिक घडवण्याचे तापमान जास्त आणि वापराचे तापमान कमी असते, तिथे ही पद्धत अतिशय गुणकारी आहे. आपल्या बाबतीत कोळसा जळाल्यानंतर भुकटी पुन्हा ७०० अंशांनाच जाणार आहे, म्हणून तिचा उपयोग नाही.

वरील उत्तरात लँथॅनमला पसंती दिली आहे, माझे मत मात्र सिलिकाच्या बाजूने आहे. ७०० अंशांना सिलिका टायटॅनियाच्या जालकात शिरत नाही, स्वतः अस्फटिक राहते आणि कणांमध्ये पातळ पडद्यासारखी पसरते. पाच ते दहा मोल टक्के सिलिका नीट पसरलेली असेल, तर अनाटेज ८०० अंशांच्या पुढेही टिकल्याची उदाहरणे भरपूर आहेत. लँथॅनमपासून एवढी खात्री मला वाटत नाही. ‘नीट पसरलेली’ या शब्दांत सगळे आले. टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट हे टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडच्या मानाने फारच मंद जलापघटित होते. दोन्ही एकदम पाण्यात टाकली तर टायटॅनिया आधी बाहेर पडते, सिलिका मागाहून वेगळी जमते आणि मिश्रण नावापुरतेच राहते. म्हणून सिलिकेटला आधी थोड्या आम्लयुक्त पाण्याने अर्धवट जलापघटित करून मग त्यात टायटॅनियमचे संयुग घालावे.

याहून नेमकी एक पद्धत आहे, जी १९९९ मध्ये टिन, टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडांवर दाखवली गेली. तिच्यात तापवण्याआधीच कणांच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांची हेक्सामेथिलडायसिलाझेनशी अभिक्रिया केली जाते. प्रत्येक हायड्रॉक्सिलच्या जागी तीन मेथिल गटांचा सिलॉक्सिल गट येऊन बसतो आणि अमोनिया निघून जातो. हा गट शेजारच्या कणाशी बंध जोडू शकत नाही, म्हणून चिकटण्याची पहिली पायरीच टळते. पुढे मेथिल गट जळाले की तिथल्या तिथे सिलिकाचे अतिसूक्ष्म ठिपके उरतात आणि ते कणसीमांना अडवून धरतात. म्हणजे सुरुवातीला सेंद्रिय आवरण आणि नंतर तेच सिलिका, असे दोन्ही टप्पे एकाच अभिकारकाने साधतात. आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर मला या एका पद्धतीत दिसते. पाणी पूर्ण काढलेली भुकटी कोरड्या टोल्यूइनमध्ये घेऊन अभिक्रिया करावी लागते, कारण ओलावा असला तर सिलाझेन पाण्याशीच संपून जाते. अर्थात ब्युटॅनॉलची पायरी इथे वगळावी, कारण हायड्रॉक्सिल गट आधीच गेले तर सिलाझेनला धरायला जागा उरणार नाही. पाणी काढण्यासाठी एथॅनॉल आणि मग टोल्यूइन असा क्रम ठेवावा.

उत्तर : कणसीमा

सिलाझेनची पद्धत मलाही मान्य आहे आणि सिलिका वाढ रोखते याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप दुसऱ्या बाजूने आहे. जो पडदा कणाला कणापासून दूर ठेवतो, तोच उत्प्रेरक धातूला टायटॅनियापासून दूर ठेवतो. शिवाय सिलिकॉन-ऑक्सिजन-टायटॅनियम बंधामुळे नवीन आम्लधर्मी जागा तयार होतात आणि काही अभिक्रियांत त्या नको असतात. पृष्ठफळ ८० मिळाले, पण त्यातला निम्मा पृष्ठभाग सिलिकाचा असला, तर आपण नेमके काय टिकवले, हा प्रश्न विचारावाच लागतो. त्यातच सोडियमचा अंश राहिलेला असेल तर आणखी बिघडते, कारण सोडियम ऑक्साइड आणि सिलिका यांचे मिश्रण ८०० अंशांच्या खालीच द्रवरूप होऊ शकते आणि मग अडसर म्हणून ठेवलेला पदार्थच कणांना जोडणारा डिंक ठरतो. म्हणून अवक्षेपासाठी अमोनियाच वापरत राहावे, कॉस्टिक सोडा कटाक्षाने टाळावा.

निर्णय करण्यासाठी एक माहिती हवी आहे. ज्या वायूत उत्प्रेरक काम करणार आहे, त्यात पाण्याची वाफ आहे का?

कणवेध

होय, सुमारे दहा टक्के वाफ असते. उत्प्रेरक म्हणून व्हॅनेडियम बसवायचा विचार आहे.

उत्तर : भट्टीजवळून

या दोन ओळी प्रश्नातच आल्या असत्या, तर आम्हा सर्वांची उत्तरे थोडी वेगळी झाली असती. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सुमारे ६८१ अंशांना वितळते. आपल्या ७०० अंशांना ते टायटॅनियाच्या अंगावर द्रवासारखे पसरू शकते, पृष्ठभागावरच्या आयनांना वाट करून देते आणि अनाटेजचे रुटाइल होण्यालाही हातभार लावते. व्हॅनेडियम-टायटॅनिया उत्प्रेरक सामान्यतः याहून बऱ्याच कमी तापमानाला, ३०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात चालवले जातात आणि त्यामागे हेही एक कारण आहे. वापराचे तापमान खरोखर ७०० आहे की ती क्षणिक कमाल आहे, हे आधी पक्के करावे. क्षणिक असेल तर लँथॅनमचा विचार सोडावा, कारण व्हॅनेडियम त्याच्याशी संयोग पावून व्हॅनेडेट तयार करेल आणि दोघेही आपापल्या कामातून जातील. मग सिलिका, किंवा व्हॅनेडियमबरोबर नेहमी वापरले जाणारे टंगस्टन ऑक्साइड, हेच पर्याय उरतात. टंगस्टन अनाटेजच्या पृष्ठभागावर पसरून राहते, पृष्ठफळ टिकवते आणि या प्रकारच्या उत्प्रेरकांत ते प्रत्यक्ष वापरात आहे. तापमान कायमच ७०० राहणार असेल, तर व्हॅनेडियम बदलण्याचा विचार करावा.

उत्तर : कणसीमा

व्हॅनेडियम असेल तर लँथॅनमबद्दलचा माझा आग्रह मी मागे घेतो. व्हॅनेडेटचा मुद्दा निर्णायक आहे. टंगस्टनसाठी अमोनियम मेटाटंगस्टेट धुतलेल्या ओल्या अवक्षेपातच मिसळावे, कृती लँथॅनमसाठी लिहिली तीच.

उत्तर : विवर्तन

शेवटी चाचणीबद्दल एक सूचना. दोन तासांनंतरचा एकच आकडा टिकाऊपणा सांगत नाही. प्रत्येक नमुना व्हॅनेडियमसह, दहा टक्के वाफ असलेल्या हवेत, कमाल तापमानाला १, ४ आणि १६ तास ठेवावा आणि तिन्ही वेळांना एक्सआरडी व बीईटी दोन्ही मोजावीत. वेळेच्या लॉगरिदमसमोर आकाराचा लॉगरिदम मांडल्यावर सरळ चढती रेषा आली, तर वाढ फक्त मंदावली आहे आणि शेकडो तासांनंतर भुकटी मूळ पदावर येईल. ४ आणि १६ तासांच्या बिंदूंमध्ये रेषा आडवी झाली, तर डोपंटने आकार खरोखर धरून ठेवला आहे. आकार स्थिर राहून बीईटी मात्र घसरत असेल, तर स्फटिक वाढत नसून चिकटत आहेत. अशा वेळी डोपंटचे प्रमाण वाढवू नये, वाळवण्याची पायरी पुन्हा तपासावी.